पिशवीच्या कागदावरचा चंद्र

चंद्रावर माणूस उतरला त्या आठवड्यात लोणावळ्यात चंद्र दिसण्याची काही सोय नव्हती. जुलैचे दिवस होते. रुळापलीकडचा सिग्नलचा खांबसुद्धा दुपारी धुक्यात जायचा. पिशव्या वाळत नव्हत्या, म्हणून घरात रद्दीचे गठ्ठे पडून राहिले, आणि गठ्ठे पडून राहिले म्हणून आम्हा बहीणभावंडांना इंग्रजी आलं.

बाबा रेल्वेच्या घाटातल्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये होते. आई आणि माझी थोरली बहीण आक्का चिक्कीच्या दुकानांसाठी कागदी पिशव्या करायच्या. दुकानदार रद्दी द्यायचा, आम्ही पिशव्या द्यायच्या. पानं एकावर एक ठेवून पत्ते पसरावेत तशी पसरायची, म्हणजे प्रत्येक पानाची बोटभर कड तेवढी उघडी राहते. त्या सगळ्या कडांवरून खळीचा एकच हात फिरवायचा. मग एकेक पान उचलून दुमडायचं, तळ बसवायचा, दोरीवर टाकायचं. इंग्रजी पेपराचा कागद जाड, म्हणून त्याच्या पिशव्या मोठ्या मापाच्या. पावसाळ्यात दोरी चुलीवर बांधायची, तरी कागद दोन-दोन दिवस ओलसर राहायचा.

मी तेव्हा नववीत होतो. अक्षरं मात्र मी शाळेच्या आधी पत्रकांवर शिकलो होतो. छप्पन साली आमच्या वस्तीने धर्म बदलला, तेव्हापासून वस्तीत दर महिन्याला कुठलं ना कुठलं पत्रक यायचं. संध्याकाळी विहारात, म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत, कुणीतरी ते मोठ्याने वाचायचं आणि मग पाठकोरी पानं आम्हा पोरांना लिहायला मिळायची. एका बाजूला अन्याय आणि दुसऱ्या बाजूला आमची बाराखडी. त्यामुळे मला अजूनही वाटतं की कागदाची एक बाजू भांडणासाठी असते.

आक्काला नर्स व्हायचं होतं. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. ती बाहेरून मॅट्रिकला बसणार होती, आणि पुढे पुण्याच्या एका सरकारी इस्पितळातल्या प्रशिक्षणाला. तिथे मुलाखत इंग्रजीत घेतात, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. बाकी सगळं तिला यायचं. अडत होतं ते इंग्रजी.

शाळेच्या पुस्तकातलं इंग्रजी आम्हाला पचलं नाही. त्यात एक शेतकरी होता, त्याच्याकडे घोडा होता आणि तो दर धड्यात बाजारात जायचा. पेपरातल्या राजकारणातलंही काही समजत नव्हतं. चंद्राच्या बातमीचं तसं नव्हतं. तिच्याबरोबर चित्र असायचं, चित्रात बाण असायचे, आणि तेच शब्द दुसऱ्या दिवशी परत यायचे. क्रू. ऑर्बिट. कॅप्सूल. थ्रस्ट. एका दिवशी न कळलेला शब्द तिसऱ्या दिवशी स्वतःच अर्थ सांगायचा. मग आक्काने नियम केला, की शब्द पाठ झाल्याशिवाय पानाला खळ लावायची नाही. शब्द पाठ झाले की ती म्हणायची, "सुटलं." मग ते पान पिशवीत जायचं. न सुटलेली पानं फळीवर राहायची.

"ही फळी मोडली की दोघांचं इंग्रजी बघून घेते," आई म्हणायची.

आक्काचं लक्ष वेगळ्याच शब्दांवर असायचं. मला यंत्रं आवडायची, तिला माणसं. चंद्रावर निघालेल्या तिघांचे ठोके किती पडतात, ते झोपले का, काय खाल्लं, याच्या रोज ओळी असत. हार्टबीट, पल्स, फटीग, ऑक्सिजन हे शब्द तिने असे उचलले. "तितं वर गेलेल्याची नाडी हितं खाली बसून मोजत्यात," ती आईला म्हणाली. "आन आपल्या वस्तीतल्याची मोजायला कोन येत न्हाई," आई म्हणाली. हे वाक्य पुढे मी माझं म्हणून पुष्कळ ठिकाणी बोललो.

ते परत आले तेव्हा क्वारंटाइन हा शब्द आला. पानावर फोटो होता: तिघे बंद खोलीत, काचेपलीकडे त्यांच्या देशाचा अध्यक्ष. तो शब्द मी विहारात समजावून सांगितला. वस्तीतले एक म्हातारे आबा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांच्या लहानपणी गावात विहिरीवर त्यांना चढू देत नसत.

"काचंतनं बोलत्यात?" आबांनी विचारलं.

"व्हय आबा. त्यांना कुनी शिवायचं न्हाई."

"मंग पानी कोन वाढतंय? वरनं?"

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, मोठ्या लोकांस्नीबी येकदा कळू द्या.

"किती दिस ठेवत्यात असं?" आबा म्हणाले.

"काही आठवडे."

"बास?" आबा म्हणाले, आणि विडी पेटवायला बाहेर गेले.

आक्का त्या दिवशी हसली नव्हती. घरी येताना म्हणाली, "लागण होऊ नये म्हनून लांब ठेवनं येगळं. मला हे इंग्रजीत सांगता आलं पायजे." तिने ते खरोखर जुळवलं. चार वाक्यं झाली. चुलीपुढे बसून ती ती वाक्यं म्हणायची, पिठाच्या हाताने, जणू समोर कोणी बसलंय.

पुढच्या वर्षी निघालेल्या तिघांपैकी एकाला जर्मन गोवराची लागण झाली असेल अशा नुसत्या संशयाने ऐनवेळी बदललं. आक्काला मीझल्स शब्द मिळाला. मग वाटेत त्यांच्या यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. पेपर एक-दोन दिवस शिळे येत, त्यामुळे ते जगले की मेले हे सगळ्या जगाला कळून गेलं तरी आम्हाला कळलेलं नव्हतं. ते सुखरूप उतरल्याचं पान हाती येईपर्यंत आक्काने खळ तशीच ठेवली, तिच्यावर साय धरली. संध्याकाळी तिने विहारात त्या तिघांसाठी एक मेणबत्ती लावली. मी तिला चिडवलं, की त्यांच्या देशात मेणबत्त्यांची कारखानदारी आहे. ती म्हणाली, "देशासाठी न्हाई लावली. श्वासासाठी लावली."

मॅट्रिक ती दुसऱ्या खेपेला सुटली. 'सुटली' हा तिचाच शब्द.

तोवर मी बदललो होतो. मी तळेगावला एका अभ्यासवर्गात जाऊ लागलो. सोमाटण्याच्या फाट्यावर एका चहाच्या दुकानात आम्ही सात-आठ जण बसायचो आणि जग दुरुस्त करायचो. हे मी चेष्टेने लिहीत नाही. आमच्या मागण्या बरोबर होत्या. पवनेच्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या ती माणसं आमच्या समोर बसून चहा प्यायची, आणि त्यांच्या पायात चपला नसायच्या. त्या बैठकीत मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. नाव होतं, 'आधी भाकर, मग चंद्र'. ते लिहिताना माझी लेखणी अडली नाही, कारण चंद्राबद्दल माझ्याइतकी माहिती त्या टेबलावर कुणाला नव्हती. कुठे उतरले, काय आणलं, किती दिवस राहिले, सगळं मला तोंडपाठ होतं. प्रेमाने पाठ केलेलं मी रागाने वापरलं. त्या रात्री मला झोप आली नाही, पण सकाळी पत्रकाच्या ताज्या शाईचा वास घेतला तेव्हा बरं वाटलं.

घरी फळीवर अजून न सुटलेली पानं होती. मी ती चोरून वाचायचो. साथींपुढे चंद्राचं नाव निघालं की तोंड वाकडं करायचं आणि घरी येऊन यानाच्या दाराची रचना समजून घ्यायची, असं दोन्ही एकदम चाललं होतं. आक्काने ते पाहिलं होतं. ती म्हणायची, "काय पुढारी, आज भाकर का चंद्र?"

मुलाखतीचं पत्र आलं ते बहात्तरच्या पावसाळ्याच्या तोंडावर. आईने अट सांगून टाकली. "यंदा झालं तर झालं. न्हाईतर तिकोना पेठंचं स्थळ हाय. पोरगा बरा हाय, घर बरं हाय, मी लोकांस्नी किती दिस तोंड दाखवायचं." बाबा उठून कामावर गेले, म्हणजे त्यांना मान्य होतं.

आक्काला सोबत म्हणून मी गेलो. पॅसेंजरमध्ये ती खिडकीशी बसली होती, कडक स्टार्चची पांढरी साडी, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी. ओठ हलत होते. मला माहीत होतं ती कुठली वाक्यं म्हणतेय. नाडी, ताप, लागण, काच.

मळवली गेल्यावर मी तिला म्हणालो, "आक्का, चंद्राचा विषय निघालाच तर कौतुक करू नको."

"का?"

"का म्हंजे? आपन कोन हाय? तुला तितं कोन म्हनून बसायचंय? त्यांच्यापुढं आपली बाजू मांडायची संधी मिळती व्हय रोज?"

मग मी तिला माझ्या पत्रकातली तीन वाक्यं इंग्रजीत दिली. ती मी आधीच तयार करून ठेवली होती. चंद्रावर जाणारा सगळ्या मानवजातीतर्फे जातो म्हणतात. उपाशी माणसाला कुणी विचारलं नाही. जोवर एक माणूस उपाशी आहे तोवर तो प्रवास माझा नाही. कामशेत ते तळेगाव तिने ती पाठ केली. तिची पाठ करण्याची ताकद दांडगी होती. देहू रोडला ती म्हणाली, "सुटलं." मला अभिमान वाटला.

इस्पितळातल्या मुलाखतीच्या खोलीला अर्धं दार होतं, वरून आणि खालून उघडं. मी व्हरांड्यातल्या बाकावर होतो आणि सगळं ऐकू येत होतं. आत एक मेट्रन होत्या आणि एक डॉक्टर. बोलणं इंग्रजीत, सावकाश. नाव, गाव, शिक्षण झालं. मेट्रननी विचारलं, घरी इंग्रजी कोण बोलतं?

"कोणी नाही, मॅडम. मी पेपर वाचते."

"काय वाचतेस?"

"चंद्राच्या बातम्या, मॅडम."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मेट्रनचा आवाज बदलला होता, त्यांना खरंच बरं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग मला सांग, ते परत आल्यावर त्यांना वेगळं का ठेवलं?"

हा प्रश्न आक्काने तीन वर्षं चुलीपुढे बसून सोडवला होता. पिशव्या चिकटवून तिने तो मिळवला होता. मी बाकावर बसून मनातल्या मनात म्हणत होतो, सांग, सांग, क्वारंटाइन म्हण. आणि आक्काने माझी तीन वाक्यं म्हटली. एकामागून एक, स्पष्ट, एकही शब्द न चुकता.

डॉक्टर हसले. वाईट हसणं नव्हतं ते. "हे तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या भावाने, सर."

"आणि तुला काय वाटतं?" मेट्रननी विचारलं.

बराच वेळ त्यांनी वाट पाहिली. मग कागद उलटल्याचा आवाज आला, आणि त्यांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं तिने हो-नाहीत दिली.

परतीच्या गाडीत मी स्टेशनं मोजत होतो. पिंपरी गेलं, देहू रोड गेलं. आक्काने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही मला बोलेल. मी त्याची वाटच पाहत होतो.

ती म्हणाली, "तुजी वाक्यं बरोबर पडली न्हवं? मदलं जरा घाईत झालं."



निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आईने तिकोना पेठेला निरोप धाडायची तयारी केली. मी मध्ये पडलो. चूक माझी आहे, तिची नाही, तिला सगळं येत होतं, असं मी सांगितलं. आई म्हणाली, "तुजी चूक आन तिचं वय, ह्याचा मेळ कसा घालू?" त्यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. बाबा घाटातून भिजून आले होते, धोतर पिळत उभे होते. त्यांनी आक्कालाच विचारलं, "तुजं काय म्हननं?"

"येक वर्स द्या," आक्का म्हणाली. "आन फुडल्या टायमाला ह्याला माज्यासंगं धाडू नगा."

बाबा म्हणाले, "दिलं."

ते दुष्काळाचं वर्ष निघालं. मावळात थोडं तरी पडलं, पण खालच्या तालुक्यांत काहीच नाही. लोणावळ्याच्या फलाटावर कुटुंबंच्या कुटुंबं उतरायची, भांडी आणि पोरं घेऊन, आणि कुठे जायचं हे त्यांना माहीत नसायचं. रेशनला लाल मिलो मिळायची, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकर थापताना तुटायची. मी फलाटावर पत्रकं वाटत होतो. वाचता येणाऱ्यांनी वाचली, न येणाऱ्यांनी घडी करून कनवटीला लावली. ते पत्रक त्या वर्षी जितकं खरं होतं तितकं लिहिताना मलाही वाटलं नव्हतं.

त्याच वर्षाच्या अखेरीस माणूस चंद्रावर शेवटचा जाऊन आला. शेवटचा, हे पेपरातच छापलेलं होतं. पुढे जायचं नाही असं ठरलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. आमची मागणी, निदान अर्धी, पुरी झाली होती. मी ते पान वाटेत तीनदा वाचत, हळहळत घरी आलो, आणि फलाटावरची माणसं डोळ्यांपुढून जात नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं हे मला आमच्या अभ्यासवर्गात कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आक्का मिलोची भाकर भाजत होती. पान पाहून म्हणाली, "संपलं?"

"संपलं. बरंच झालं."

"ही मिलो कुटली, ठाव हाय का?" तिने तव्यावरची भाकर उलटली. "चंद्रवाल्यांच्याच देशातली. खा, पुढारी. आधी भाकर."

त्या हिवाळ्यात मी एकच काम शहाण्यासारखं केलं. संध्याकाळी मी खळ घेऊन बसायचो आणि आक्काच्या वाटच्या पिशव्या मी करायचो, म्हणजे तिला नुसतं वाचता येईल. सुरुवातीला माझे तळ सुटायचे. दुकानदाराने एक गठ्ठा परत पाठवला. आई म्हणाली, "हातात पत्रक बरं राहतं ह्याच्या, खळ न्हाई राहत." हळूहळू जमलं. आक्का कंदिलाशी बसून स्वतःशी इंग्रजी बोलायची. मी ऐकत नव्हतो असं दाखवायचो. ती काय तयार करतेय, हे मी एकदाही विचारलं नाही. आणि तिने एकदाही मला दाखवलं नाही.

पुढच्या खेपेला ती एकटी गेली. मी स्टेशनपर्यंतसुद्धा गेलो नाही. त्या दिवशी मी इतक्या पिशव्या केल्या, की आईने रद्दी लपवून ठेवली.

तिचं झालं. आता ती पुण्यात शिकते. तिकोना पेठेच्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं, आणि लग्नाला आई जाऊन जेवून आली.

पत्रकाची दुसरी आवृत्ती आम्ही मागच्या महिन्यात काढली. ती तीन वाक्यं गाळावीत असं एकदा मनात आलं. गाळली नाहीत. ती खरी आहेत. पण छापखान्यात प्रुफं वाचताना त्या ओळींवर मला आक्काचा आवाज ऐकू येतो, स्पष्ट, एकही शब्द न चुकणारा. खरं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात कोंबलं की त्याचं काय होतं, ते त्या आवाजात आहे. साथींना हे सांगितलं तर ते म्हणतील, वैयक्तिक बाब आहे. असेल.

गेल्या सुट्टीत आक्का आली होती. जेवल्यावर ती सवयीने खळीच्या भांड्याशी बसली. तिच्या हाताला आता औषधाचा वास येतो. एका पानावर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या घरात महिनोन्‌महिने राहून आलेल्या तिघांची बातमी होती. खाली उतरल्यावर त्यांना नीट चालता येत नव्हतं. तिने ते पान बाजूला काढलं. मी बऱ्याच दिवसांनी धीर केला.

"आक्का, दुसऱ्या खेपेला चंद्राचं विचारलं का त्यांनी?"

"विचारलं की. त्याच मॅडम होत्या. त्यांनी वळखलं मला."

"मग तू काय सांगितलंस?"

ती पानं पसरत होती. प्रत्येक पानाची बोटभर कड उघडी राहील अशी, न बघता.

"आधी माझं सांगितलं. नाडीचं, गोवराचं, काचंचं. आबांचंबी सांगितलं, 'बास' म्हनाले ते. मॅडमनी ते लिवून घेतलं." तिने खळीत हात घातला. "मग तुझं सांगनार होते. तीन वाक्यं. पाठच होती. पन त्यांनी घंटी वाजवली, वेळ संपला."

आणि तिने सगळ्या कडांवरून एकच हात फिरवला.

वेळ त्यांनी संपवला की तिने, हे मी विचारलं नाही. मी पहिलं पान उचललं आणि दुमडायला घेतलं.

"थांब," आक्का म्हणाली. "ह्याच्या खालचं पान अजून सुटलं न्हाई."